तंबोरा कुठं गेला?

"गाणं छान लागलंय. पण तंबोरा कुठं गेला गं?"

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीत, बाबांनी मला हा प्रश्न विचारला. नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून मी एक जुना अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घेऊन इचलकरंजीला घरी आले होते. भीमसेन जोशींचा पुरिया धनाश्री लावला होता. बाबांनी उमेदीची तीस वर्षं यंत्रमागावर काढली. सवाई गंधर्व महोत्सवाला ते एसटीनं दोनदाच जाऊन आले, पण त्या दोन रात्रींबद्दल आजही बोलतात. त्यांच्या वर्णनात गायकाच्या आधी मागचे दोन तंबोरे येतात. पडदा उघडायच्या आधीच मांडव तंबोऱ्यांनी भरून गेला होता, असं ते सांगतात. ती रात्र त्यांना घरबसल्या परत मिळावी, म्हणून तर माझा हा खटाटोप होता.

मला तंबोरा ऐकू येत होता. पण बाबा म्हणतायत म्हणजे सिस्टिममध्येच काहीतरी कमी असणार, असं मी धरून चालले. पुढचं वर्षभर मी एकेक भाग बदलत गेले आणि सोबत वाचत गेले. तेव्हा लक्षात आलं, की आवाज नेमका कुठं हरवतो, या प्रश्नामागे लोक सव्वाशे वर्षांपासून लागलेत. दर पिढीनं दोषी म्हणून साखळीतल्या वेगळ्याच कडीकडे बोट दाखवलंय.

सुई आणि कर्णा

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यातल्या एका हॉटेलात फ्रेड गाइजबर्ग या ध्वनिमुद्रकासमोर गौहर जान गायला बसल्या. माइक नव्हता, वीजही नव्हती. समोर फक्त एक मोठा कर्णा. गळ्यातून निघालेला आवाज कर्ण्यातून एका पातळ पडद्यावर आदळायचा, पडदा थरथरायचा, आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीत खाच पाडायची. घरी तबकडी वाजवताना हेच उलट्या दिशेनं घडायचं. ग्रामोफोनची स्प्रिंग तबकडी फिरवायची एवढंच. आवाज मोठा करायला बाहेरून कसलीच मदत नव्हती.

या पद्धतीत साधारण २५० ते २५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा नीट उमटायचा. हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. तरुण, निरोगी कान २० ते २०,००० हर्ट्‌झ ऐकतो. म्हणजे डग्ग्याचा घुमारा खालून गळायचा, आणि चकाकी, धार, श्वासाचा आवाज वरून. तंबोऱ्यासारखा हळुवार आवाज तर मेणापर्यंत पोचणंच अवघड होतं.

त्या काळच्या श्रोत्याच्या हातात बदलता येण्यासारखं काय होतं? सुई. पोलादी सुया डबीतून मिळायच्या. जाड सुई लावली की आवाज मोठा, बारीक लावली की मऊ. म्हणजे व्हॉल्यूमचं बटण डबीत असायचं. दर बाजूला नवी सुई लावायची, नाहीतर झिजलेली सुई तबकडी खरवडायची. बांबूच्या सुया वापरणारेही होते. त्यांचा आवाज हलका, पण तबकडीचं आयुष्य वाढायचं. दुसरा भाग म्हणजे कर्णा. तो जेवढा मोठा तेवढे खालचे स्वर बाहेर यायचे. छोट्या पेटी-ग्रामोफोनमधून सगळेच गायक नाकात गात असल्यासारखे वाटायचे ते यामुळेच.

आणि तरी लोक खूश होते. एडिसनच्या कंपनीनं १९१५ पासून अमेरिकेत गावोगावी जाहीर परीक्षा घेतल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच अंधार करायचा आणि कोण गातंय ते प्रेक्षकांनी ओळखायचं. अनेकांना ओळखता आलं नाही. यात अ‍ॅना केस नावाची गायिका असायची. यंत्राशी जुळावा म्हणून आपण आपला आवाज बेतून लावत होतो, असं तिनं पुढे म्हातारपणी सांगितलं. यंत्र माणसाइतकं चांगलं झालं नव्हतं, माणूस यंत्राइतका कमी गात होता.

पण मला अडवून धरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गदगमधल्या एका शाळकरी मुलानं दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली. असं गाणं आपल्याला आलं पाहिजे, या ध्यासानं तो अकराव्या वर्षी घर सोडून गेला. वणवण करून शेवटी तो कुंदगोळला पोचला, खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे. तो मुलगा म्हणजे भीमसेन. माझ्या स्पीकरमधून जो आवाज येत होता, त्याचा उगम एका दुकानातल्या ग्रामोफोनमध्ये होता. त्या यंत्रात खर्ज जवळजवळ नव्हताच. मग त्या मुलानं ऐकलं काय?

याचं उत्तर तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावते. तारेतून एकच स्वर कधी निघत नाही. ६९ च्या पटीतले १३८, २०७, २७६, ३४५ असे वरचे स्वर सोबत निघतात. फोनच्या इवल्याशा स्पीकरला ६९, १३८, २०७ झेपतच नाहीत. पण २७६, ३४५, ४१४ ऐकल्यावर मेंदूला त्यांच्यातलं ६९ चं अंतर कळतं, आणि जो स्वर हवेत नाहीच तो तो ऐकतो. ऑगस्ट सीबेक या जर्मन शास्त्रज्ञानं १८४१ मध्येच भोंग्यावर प्रयोग करून हे दाखवलं होतं. गदगच्या दुकानात राहून गेलेला खर्ज त्या पोरानं आपल्या कानानं भरून काढला असणार.

विजेची मदत

१९२५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी माइक वापरून ध्वनिमुद्रण सुरू केलं. पट्टा एकदम १०० ते ५००० हर्ट्‌झपर्यंत रुंदावला. गायकाला कर्ण्यात ओरडायची गरज उरली नाही. माइकचा क्षीण विद्युत्प्रवाह मोठा करायचं काम व्हॉल्व्ह करायला लागले.

इथून अँप्लिफायरचा काळ सुरू होतो. व्हॉल्व्ह आवाज मोठा करायचे, पण त्यात स्वतःचीही भर घालायचे. मूळ आवाजात नसलेले स्वर मिसळायचे. टेलिफोन कंपन्यांना तर हे फारच छळायचं, कारण लांबच्या लाइनवर एकामागून एक अनेक अँप्लिफायर लागायचे आणि दर टप्प्यावर घाण वाढायची. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हॅरॉल्ड ब्लॅक हा इंजिनीअर न्यूयॉर्कमध्ये बोटीतून कामाला चालला होता. त्याला एक युक्ती सुचली आणि ती त्यानं हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत पाठवायचा. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं यांत जो फरक असेल, तो आपोआप खोडला जातो. आवाजाची ताकद कमी होते, पण शुद्धता कितीतरी वाढते. कल्पना इतकी विचित्र वाटली, की पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

हीच युक्ती वापरून विल्यमसन या ब्रिटिश इंजिनीअरनं १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात घरी बनवता येईल अशा अँप्लिफायरचा आराखडा छापला. १५ वॅट ताकद आणि दोष हजारात एक भागापेक्षा कमी. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी जोडला. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि हे सगळं स्वस्त झालं. १९८७ मध्ये 'स्टीरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकानं २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या अँप्लिफायरपर्यंत सहा यंत्रं घेतली आणि कुठलं वाजतंय हे न सांगता लोकांना ऐकवली. त्यांना ती ठामपणे वेगळी ओळखता आली नाहीत.

हे वाचायच्या आधीच मी एका मित्राचा, माझ्यापेक्षा चौपट किमतीचा अँप्लिफायर आठवड्यासाठी उसना आणला होता. बाबांनी दहा मिनिटं ऐकलं. "तसंच आहे की."

वॅटच्या आकड्याबद्दलही एक सांगायला हवं, कारण दुकानात सगळ्यात आधी तोच दाखवतात. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे कळेल न कळेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला हवा असेल, तर वॅट साधारण दसपट लागतात. घरात बसून ऐकायला पहिले दहा-वीस वॅटच बहुतेक वेळा पुरतात. अँप्लिफायर दमतो तो मोठ्या आवाजात, किंवा स्पीकर फार हट्टी असेल तेव्हा.

कागदाचा कोन

मग फरक पडतो कुठं? वाचताना मला एक सूत्र दिसायला लागलं. जिथं ऊर्जा आपलं रूप बदलते, तिथं आवाज सांडतो. खाचेतून सुई हलते आणि त्या हालचालीची वीज होते. विजेची परत हालचाल होते आणि त्या हालचालीनं हवा हलते. वीज विजेतच राहते, त्या अँप्लिफायरमध्ये आणि वायरमध्ये, फार थोडं हरवतं. सगळ्यात जास्त सांडतं ते स्पीकरमध्ये.

आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर मुळात राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या रचनेचाच आहे. लोहचुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटवलेला कागदाचा कोन. प्रवाह बदलला की वेटोळं पुढेमागे होतं आणि कोन हवा ढकलतो. रचना साधी आहे, पण कमालीची उधळी. अँप्लिफायरकडून आलेल्या शंभर भागांपैकी जेमतेम एक भाग आवाज होतो, बाकीची उष्णता. अँप्लिफायरचे दोष हजारात, दहा हजारात मोजतात. स्पीकरचे, विशेषतः खर्जात, शंभरात मोजावे लागतात.

खर्जासाठी खूप हवा हलवावी लागते, म्हणून जुन्या काळी चांगला स्पीकर म्हणजे कपाटाएवढी पेटी असायची. एडगर विल्चर यानं १९५४ मध्ये छोटी, पूर्ण बंद पेटी आणली. कोनाला परत खेचायचं काम कडक कडांऐवजी पेटीत कोंडलेल्या हवेकडे दिलं. कपाटाचा खर्ज फडताळात मावला, पण त्याच्या बदल्यात अँप्लिफायरला जास्त जोर लावावा लागला. तो सौदा आजही सुटलेला नाही. छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज, यांतलं काहीही दोन मिळतं. तिन्ही एकत्र देतो म्हणणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

याच सुमारास, १९५६ मध्ये, एमआयटीतल्या एका विद्यार्थ्यानं कागदावरचे आकडे बघून एक स्टीरिओ विकत घेतला आणि घरी येऊन तो हिरमुसला. आकडे उत्तम, व्हायोलिन मात्र कर्कश. त्याचं नाव अमर बोस. त्याचे वडील ब्रिटिशांच्या तावडीतून निसटून कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. मैफलीच्या सभागृहात आपल्यापर्यंत येणारा बहुतेक आवाज थेट वाद्याकडून येत नाही, भिंतींवरून परतून येतो, हे त्यानं मोजून पाहिलं. १९६८ मध्ये त्यानं जो स्पीकर आणला, त्यात नऊ कोन होते. एक श्रोत्याकडे तोंड करून आणि आठ पाठीमागच्या भिंतीकडे. त्याच्यावर आजही वाद होतात. पण भिंत हासुद्धा सिस्टिमचाच भाग आहे, हे त्यानं लोकांच्या दिवाणखान्यात आणून ठेवलं.

दहा बाय बाराची खोली

भिंतींचा हिशेब मांडणारा पहिला माणूस मात्र त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी होऊन गेला. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्दच कळेनात. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवलं गेलं. रात्री सगळं शांत झालं की तो जवळच्या नाट्यगृहातून खुर्च्यांच्या गाद्या आणायचा, एक ऑर्गनची नळी वाजवून बंद करायचा आणि आवाज किती वेळात विरतो ते घड्याळावर मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. स्वतःच्या अंगावरच्या कपड्यांनीही आकडा बदलतो असं लक्षात आल्यावर त्यानं आधीची मोजमापं टाकून दिली. पहाटेच्या आत गाद्या परत पोचवायच्या. खोलीचं आकारमान आणि आवाज पिणारं सामान यांचं जे सूत्र त्यातून निघालं, ते आजही वापरतात.

आमच्या इचलकरंजीच्या घरातली पुढची खोली दहा बाय बारा फुटांची. खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना पक्क्या भिंती, एक पत्र्याचं कपाट. मी स्पीकर कोपऱ्यात ठेवले होते, कारण तिथं जागा होती. ५७ हर्ट्‌झच्या आवाजाची लाट सहा मीटर लांब असते. तिचा अर्धा भाग, म्हणजे तीन मीटर, आमच्या दहा फुटांच्या भिंतींमध्ये नेमका बसतो. असा स्वर लागला की खोली स्वतःच वाजू लागते. बारा फुटांच्या बाजूला हेच ४७ च्या आसपास होतं. म्हणून एका खुर्चीवर डग्गा छातीवर बसायचा, आणि चार फुटांवर गायबच व्हायचा. उरलेलं काम फरशी करत होती. प्रत्येक सुराचा मागचा घुमारा पुढच्या सुरावर सांडत होता, आणि तंबोऱ्यासारखा बारीक आवाज त्यात बुडत होता.

मी स्पीकर कोपऱ्यातून दोन-दोन फूट बाहेर काढले आणि कानांच्या उंचीला आणले. जमिनीवर गादी घातली. मागच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. खर्च शून्य, आणि वर्षभरात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच. मला तर तंबोऱ्याची एकेक तार सुटी ऐकू येऊ लागली.

बाबा बराच वेळ ऐकत बसले. "डग्गा आता मोकळा झाला. तंबोरा नाही पण."

साडेसहा हजारांची वायर

आता जे सांगणार आहे ते लपवलं असतं तर बरं, असं अजूनही वाटतं. पुण्यातल्या एका दुकानदारानं मला स्पीकरची वायर बदलायला सांगितली. "मॅडम, सगळे डिटेल वायरमध्ये अडकतात." मी साडेसहा हजार रुपये दिले. घरी आणून जोडली, डोळे मिटून ऐकलं, आणि मला तंबोरा जास्त स्पष्ट ऐकू आला. खरंच आला.

नंतर हिशेब केला. साध्या, एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तीन मीटर वायरचा जाऊन-येऊन रोध ०.१ ओहम. स्पीकरचा ८. त्यामुळे होणारी घट डेसिबलच्या साधारण नवव्या भागाइतकी. वायर लांबलचक आणि दोऱ्यासारखी बारीक असेल तर फरक पडतो. आमच्या खोलीत पडणं शक्यच नव्हतं.

मग मी ऐकलं ते काय? १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी चाळीस लोकांना चार स्पीकर दोनदा ऐकवले. एकदा डोळ्यांसमोर, एकदा पडद्याआड. हे लोक ऑडिओ कंपनीतलेच, जाणकार. तरी स्पीकर दिसत असताना त्यांनी दिलेले गुण एक होते आणि पडद्याआडचे वेगळे. दिसायला भारी असलेल्यांचं वजन पडद्याआड घटलं. त्या लोकांनी खोटं सांगितलं नव्हतं. जो मेंदू नसलेला खर्ज भरून काढतो, तोच साडेसहा हजारांचा तंबोराही भरून काढतो.

बाबांना मी किंमत सांगितली नव्हती. त्यांना काहीच फरक जाणवला नाही. त्या घरात बिनपडद्याची पण खरी आंधळी चाचणी एकट्या बाबांचीच चालू होती.

शेवटची कडी

आई एकदा सहज म्हणाली, "त्यांना कुकरची शिट्टीपण कळत नाही आताशा." तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख अजून माझ्याकडे आहे. रेघ डावीकडे, खालच्या स्वरांना, जवळपास ठीक. मग ती घसरत जाते आणि ४००० हर्ट्‌झपाशी खड्ड्यात पडते. डॉक्टरांनी आलेख बघून विचारलं, "मागावर होता का?" मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा कान आधी तिथंच जातो. माग-खात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी कानात ओरडावं लागतं. बाबांच्या काळी कानात घालायला मिळायचा तो कापूस.

आणि तंबोरा नेमका कुठं राहतो? सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर लिहिलं होतं. साध्या तारेत छेडण्याच्या जागेमुळे काही वरचे स्वर निघायलाच नकोत. तंबोऱ्यात मात्र ते दणक्यात निघतात, कारण तार सपाट घोडीला घासत कंप पावते आणि तारेखालचा तो सुती दोरा त्या घासण्याची जागा ठरवतो. हीच जवारी. ती खर्जाच्या तारेची ताकद उचलून वरच्या, हजारांच्या घरातल्या स्वरांना वाटते. बाबांना आठवणारा मांडवभर झंकार तिथं आहे, नेमका त्यांच्या आलेखातल्या खड्ड्यात.

गदगच्या दुकानात खालचे स्वर हरवले होते, ते मेंदूला वरच्यांवरून बांधता आले. बाबांचे वरचे गेले, आणि खालच्यांवरून वरचे बांधता येत नाहीत. वर्षभर मी साखळीची प्रत्येक कडी तपासली. जी तुटली होती ती बाबांची होती, आणि ती माझ्या शाळा-कॉलेजच्या फिया भरताना तुटली होती.

इअरफोन घालून हे वाचत असाल तर एक आकडा लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो. बाकी सगळे भाग बदलून मिळतात.

आता बाबांना श्रवणयंत्र आहे. माइक, अँप्लिफायर, स्पीकर, सगळी साखळी एका शेंगदाण्याएवढ्या डबीत. बोलणं छान कळतं, पण गाणं ऐकताना ते काढून ठेवतात. त्यात तंबोरा पत्र्यासारखा वाजतो म्हणतात.

मागच्या दिवाळीत मी शेवटचा प्रयोग केला. माझ्या अँप्लिफायरवर ट्रेबलचं बटण आहे. ध्वनिमुद्रण जसं आहे तसंच ऐकावं म्हणून शुद्धतावादी त्याला हात लावत नाहीत, मीही लावला नव्हता. ते पूर्ण उजवीकडे फिरवलं. मला ते ऐकवेना, सगळं काचेसारखं टोचायला लागलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

बाबांनी मान थोडी कलती केली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आला," ते म्हणाले. "लांब आहे, पण आला."

ते बटण मी तिथंच ठेवलंय.